घळीतला वेल

“मावशी, तो उपटू नका!”

आत्याबाईंनी कुदळ वर उचलली होती. ती तशीच धरून त्यांनी मागं पाहिलं. पेडणेकर सर करवंदीच्या जाळीला धरत, घसरत घळीत उतरत होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल.

“का? तुमच्या बानं लावलाय का ह्यो?”

“या डोंगरावर हा एकच राहिलाय.”

“वांझ हाय त्यो, मास्तर. फुलं येत्यात, फळ धरत न्हाई. नुसता दुसऱ्याच्या अंगावर चढतोय. काढल्याला बरा.”

“वांझ नाही. नर आहे तो.”

आत्याबाईंनी कुदळ खाली टेकवली आणि पदर तोंडाला लावून हसल्या. “ऐकलंस का गं द्वारके? येलात बी बाप्या असतोय म्हनं.”

मी घळीच्या काठावर पाटी घेऊन उभी होते. खाली उतरले नव्हते. त्या सालात कर्टुलीच्या वेलाला हात लावायचा नाही, असं मला घरातून सांगितलेलं होतं.

आमचं गाव माळेवाडी, भूमच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगराला टेकून. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सोजरबाई. डोंगराचा आमच्याकडचा उतार, त्याच्या तिन्ही दांडांसकट, म्हणजे सोंडांसकट, त्यांच्या पायाखालचा होता आणि भूमच्या बाजारात कर्टुली म्हटलं की गिऱ्हाईक त्यांचीच पाटी शोधायचं. त्याआधीची दोन सालं पाऊस झाला नव्हता. पहिल्या साली वेल आले ते गुडघ्याएवढे होऊन वाळले. दुसऱ्या साली बरेचसे वर आलेच नाहीत. कर्टुली नाहीत म्हटल्यावर गावानं वांझ वेलाचे कंद काढले. औषधाला लागतात म्हणून झाडपाल्याचा व्यापारी पोतं घेऊन दारात यायचा. फळ देणाऱ्या वेलाला कुणी धक्का लावला नाही, त्या बाबतीत गाव इमानी होतं. वांझ तेवढे काढले. सगळ्यांत जास्त आत्याबाईंनी, कारण पानांवरून, बुडख्यावरून वेल ओळखावा तो त्यांनीच.

तिसऱ्या साली पाऊस चांगला झाला. मेला म्हणून सोडून दिलेला डोंगर वेलांनी भरला. पिवळी फुलं आली. फुलाखाली काटेरी गाठी धरल्या, पिवळ्या पडल्या आणि गळल्या. पंचमी आली तरी आत्याबाईंची पाटी रिकामी.

माझ्या लग्नाला तोपर्यंत बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. बार्शीच्या डॉक्टरीणबाईंकडे मी दोनदा जाऊन आले होते. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “तुमच्यात मला काही दिसत नाही, आता मालकांना घेऊन या.” मालकांना मी घरी येऊन सांगितलं. त्यांना त्या आठवड्यात काम निघालं, पुढच्याही आठवड्यात निघालं.

आत्याबाईंचे भाऊ, दगडूमामा, यांनी ईट गावची एक मुलगी पाहून ठेवली होती. पोळा झाला की तिचे वडील जेवायला येणार होते, आणि दिवाळीनंतर लग्न. मुलीच्या वडलांचं एकच म्हणणं होतं, की थोरलीनं सगळ्यांसमोर ‘माझी ना नाही’ असं म्हणावं. म्हटलं तर मी याच घरात राहणार, मागच्या खोलीत. नाही म्हटलं तर भावाच्या घरी. भावाचं घर दोन खणांचं होतं आणि त्यात भावजय होती.

डोंगराचंही खापर माझ्याच माथी होतं. “ही बाई फिरती तिथं फळ धरंना,” दगडूमामा ओसरीवर बसून म्हणाले होते. “डोंगर तरी काय करंल?” त्या दिवसापासून आत्याबाई मला डोंगरावर न्यायच्या ते पाटी धरायला. वेलापासून लांब उभं करायच्या.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते तालुक्याच्या कॉलेजात शिकवत. मूळचे कोकणातले. आमच्या शिवारातल्या रानवेलांना पत्र्याचे नंबर बांधून ठेवायचे आणि दुष्काळात कोण कसं जगतं ते बघायला एसटीनं यायचे. पहिल्या साली गावाला वाटलं होतं की हे मोजणीवाले आहेत.

“मास्तर, बसा,” आत्याबाई म्हणाल्या. “चप्पल शिवून आना, मग शिकवा. आमच्या आज्जीच्या आज्जीपासनं ह्याला वांझच म्हनत्यात. त्या समद्या येड्या, आन् तुमी शाने?”

सर दगडावर बसले. चेष्टा त्यांना लागायची नाही. कळायची की नाही, कुणास ठाऊक.

“बांधावर तुमची कडवंची आहे. कुपाटीला रानकारलं आहे. आणि डोंगरावर ही कर्टुली. या तिघी एका घराण्यातल्या.”

“म्हंजे भावकी.”

“भावकीच. पण दुष्काळ पडला की तिघी तीन तऱ्हेनं वागतात. रानकारलं जगायचा हट्ट धरत नाही. चार सरी मिळाल्या की घाईनं फळतं, बी टाकतं आणि मरतं. बी मातीत पडून राहतं, पुढच्या पावसाची वाट बघत.”

“लेकरं टाकून मरायचं. पुढं?”

“कडवंची मरत नाही. खाली तिचा लहानसा कंद असतो. पाऊस गेला की वरचा वेल वाळवून टाकते आणि कंदात गप पडून राहते. शिवाय तिच्या एकाच वेलावर नर फूल असतं आणि मादी फूलही. सबंध बांधावर एक वेल उरला तरी तिला फळ येतं.”

“नवरा घरातच. लांब जायला नगं.” आत्याबाईंनी तंबाखूची चिमूट तोंडात सोडली. “आन् ही?”

“हिचा कंद खोल असतो. तिघींत दम हिचाच मोठा. साल फारच वाईट असलं तर ही वर येतच नाही. एक साल नाही, दोन सालं नाही. हा घळीतला वेल बघा. गेल्या दोन्ही उन्हाळ्यांनंतर मी इथं शोधला. नव्हता. मी मेला म्हणून सोडून दिला.”

“म्हंजे लपला हुता.”

“झोपला होता. यंदाही सगळ्यांच्या नंतर उगवला, आत्ता कुठं फुलायला लागलाय. वर आला नाही म्हणून कुणाला दिसला नाही. दिसला नाही म्हणून वाचला.”

आत्याबाईंचं हसू जरा कमी झालं होतं.

“पण कर्टुलीची एक अडचण आहे,” सर म्हणाले. “नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. नर जवळ नसेल तर मादीचं फूल नुसतं गळतं. तुम्ही म्हणता डोंगर दुष्काळानं वांझ झाला. तसं नाही झालं, मावशी. दुष्काळातून डोंगर पार पडला. नर तेवढे कुणीतरी काढून नेले.”

“कुनीतरी,” आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी कुदळीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी खाली उतरले नाही.

“बोलायला काय,” शेवटी त्या म्हणाल्या. “दाखवा म्हंजे झालं.”

“दाखवतो ना. दिवेलागणीला फुलं उमलतात. नराचं फूल तोडायचं आणि मादीच्या फुलाला आतून टेकवायचं, बस्स. पण माझी एसटी त्याच्या आधी आहे.” सरांनी आजूबाजूला पाहिलं. “या करतील की.”

त्यांनी नर वेलाची एक मिटलेली कळी तोडून माझ्यापुढं धरली. मी हात मागं घेतले.

“तिच्या हातानं नगं,” आत्याबाई म्हणाल्या.

“का?”

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. पुन्हा विचारलं नाही. कळी त्यांनी दगडावर ठेवून दिली.

आत्याबाई तंबाखू चघळत बसल्या. मग पिचकारी टाकून उठल्या.

“न्हाई. करू दे तिला. खालच्या दांडाचे येल माजे, मधल्या दांडाचे तिचे. तिच्या येलांना म्या चिंधी बांधनार, मागनं घोळ नगं. आन् वरच्या दांडावर कुनीच हात लावायचा न्हाई.”

सर दगडावरून उठले. “मावशी, हे बरोबर असंच करतात.”

“काय?”

“प्रयोग.”

“आमी त्याला खोट काढनं म्हनतो.”

डोंगर उतरताना त्या पुढं होत्या. मागं न बघता बोलल्या, “चिंधीचं गळलं तर पाव्हन्यांम्होरं मुकाट हो म्हनायचं, द्वारके. रडारड नगं.”

“आणि धरलं तर?”

“आदी धरू तर दे.”

त्या संध्याकाळी आम्ही दोघी परत गेलो. दिवस मावळून उजेड अजून होता. घळीतल्या वेलावर फुलं उघडत होती. वास मंद असतो, जवळ गेल्यावर येतो. आत्याबाईंनी ओंजळभर नर फुलं तोडली, अर्धी माझ्या पदरात टाकली. माझ्या वेलांना त्यांच्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या चिंध्या बांधलेल्या होत्या. गाठी स्वतः मारल्या होत्या, निरगाठी.

मी एकेका फुलाशी वाकले. काम सोपं होतं. पिवळी भुकटी फुलाच्या आत टेकवायची आणि पुढं जायचं. खालच्या दांडावरून आत्याबाईंचा आवाज येत होता. आधी मला वाटलं, कुणाशी तरी भांडतायत. कान दिला तर त्या फुलाशी बोलत होत्या, “घे गं बाई, आला तुजा दादला. आता तरी तोंड उघड.”

मला हसू आलं. त्या साली पहिल्यांदाच.

असं आम्ही काही संध्याकाळी केलं. जोवर घळीतला वेल फुलत होता तोवर. शेवटच्या दिवशी परत येताना नाल्यात पाणी होतं. मी आत्याबाईंना हात दिला. त्यांनी तो धरला आणि पाणी ओलांडल्यावरही सोडला नाही.

“बार्शीची बाई तुला काय म्हनली हुती?”

“मालकांना घेऊन या म्हणाल्या.”

“आन् तुजं?”

“माझ्यात काही नाही म्हणाल्या.”

“मला तर बिभीषण म्हनला, हिला काय इलाज न्हाई, डॉक्टरणीनं हात टेकलं.” बिभीषण म्हणजे आमचे मालक. “मग तू बोलली कशी न्हाईस?”

“कुणी विचारलं नाही.”

त्यांनी हात सोडला. घर येईपर्यंत त्या पुढंच चालल्या.

त्यानंतर त्यांनी मला डोंगरावर जायला मनाई केली. पहारा त्यांनीच केला. रोज सकाळी एकट्याच जायच्या, उन्हं चढल्यावर यायच्या, चेहऱ्यावर काही दिसू द्यायच्या नाहीत. मी विचारलं नाही. घरातली कामं होती. मालक बैलांची शिंगं रंगवण्यात गुंतले होते. दगडूमामा एकदा येऊन गेले, ईटच्या मुलीच्या वडलांना पुरण चालतं की नाही यावर ओसरीत बराच वेळ बोलले.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई डोंगरावरून आल्या आणि फडक्यानं झाकलेली पाटी माझ्यापुढं ठेवली.

“चीर.”

फडकं बाजूला केलं. कर्टुली होती, हिरवीगार, काटेरी, कोवळी. अर्ध्या ढिगातल्या देठांना हिरव्या चिंधीचे तुकडे गुंडाळलेले होते. दोन्ही ढिगांत मला तरी काही फरक दिसला नाही.

“आणि वरचा दांड?” मी विचारलं.

“त्याच्यावर एक बी न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या. “बारीक चीर. पाव्हन्याला दात न्हाईत म्हनं.”

पाहुणे दुपारी आले. मुलीचे वडील आणि त्यांचे धाकटे भाऊ. दोघं शांत, नीटनेटके. मुलीच्या वडलांनी ओसरी चढताना माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. माणूस वाईट नव्हता. पंगतीला दगडूमामा मध्ये, मालक कडेला. मी वाढत होते.

“आक्का!” दगडूमामांनी भाजी पाहून हाक मारली. “कर्टुली? आवंदा भूमच्या बाजारात बघायला न्हाईत. कुटं गावली?”

“डोंगरावर.”

“आपल्या? अगं, डोंगर तर आवंदा…”

“खा की. का घास धरून बसलास?”

पाहुण्यांनी भाजी दोनदा मागून घेतली. जेवणं झाली. पानाचं ताट फिरलं. मुलीच्या वडलांनी घसा साफ केला.

“आता थोरल्या बाईंचा शब्द तेवढा कानावर पडू द्या. मग आमी पुढचं बोलायला मोकळे.”

सगळे माझ्याकडं वळले. मी सैपाकघराच्या चौकटीला धरून उभी होते. रात्री मी ते वाक्य म्हणून पाहिलं होतं, कणीक तिंबताना सकाळी पुन्हा म्हटलं होतं. तीन शब्द होते. मी तोंड उघडलं.

“थांब,” आत्याबाई म्हणाल्या.

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

“बिभीषण, बार्शीच्या डॉक्टरणीनं तुला बोलावलं हुतं?”

मालकांच्या हातात अडकित्ता होता. सुपारी अर्धी फुटली होती.

“आयं, आता कशाला ते…”

“बोलावलं हुतं का न्हाई?”

“हुतं.”

“गेलास?”

“न्हाई.”

“कशापायी?”

“काम हुतं.”

“इतकी सालं काम हुतं.” आत्याबाईंनी आवाज चढवला नाही. “आन् मला काय सांगितलंस? डॉक्टरणीनं हात टेकलं. मी ते गावभर सांगितलं. हिला येलाला शिवू दिलं न्हाई, जवळ येऊ दिलं न्हाई.”

“आक्का,” दगडूमामा मध्ये पडले, “पाव्हन्यांम्होरं हे बोलनं बरं न्हवं.”

“पाव्हन्यांम्होरंच बोलायचं. पोरगी त्यांची हाय.” त्या मुलीच्या वडलांकडं वळल्या. “दादा, तुमी आत्ता भाजी खाल्ली न्हवं? ती हिनं धरवली. न्हाई तर डोंगर म्याच वांझ केला हुता. दोन सालं म्या कुदळीनं नर काढत गेले आन् नाव मादीचं घेतलं. तुमची पोरगी आनली, आन् पुना तेच झालं, तर म्या कुनाचं नाव घेऊ?”

मुलीच्या वडलांना भाजीचा आणि कुदळीचा संबंध कळला असेल असं मला वाटत नाही. पण बाकीचं कळलं. त्यांनी विडा ताटात परत ठेवला.

“दगडूराव,” ते म्हणाले, “ह्ये तुमी आमाला सांगितलं न्हवतं.”

“मला तरी कुटं ठावं हुतं?”

“मग पोरगी बघायला आला तवा काय ठावं हुतं?”

दोघं पाहुणे उठले. धाकट्यानं टोपी घातली. जाताना मुलीचे वडील माझ्यासमोर थांबले. हात जोडावेत की नाही असं त्यांचं झालं होतं. “भाजी चांगली हुती, बाई,” एवढं म्हणून ते पायऱ्या उतरले.

मालक ओसरीवर तसेच बसून होते. आत्याबाई ताटं गोळा करायला लागल्या. मी पुढं झाले तर म्हणाल्या, “तू बस. जेवली न्हाईस अजून.”

पुढच्या आठवड्यात मालक बार्शीला गेले. आत्याबाई बरोबर गेल्या, एसटीत शेजारी बसून. परत आल्यावर अंगणात उभं राहून मालकांनी जे काय ते आईला आपल्या तोंडानं सांगितलं. मी भांडी घासत होते. मध्ये दहा पावलंही नव्हती, त्यामुळं मलाही ऐकू आलं. ते माझ्यासाठीच बोलत होते हे मला नंतर समजलं. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते त्यांचं आहे, मी इथं मांडत नाही. आम्हाला मूल झालं नाही. घरात पुन्हा पाहुणे आले नाहीत.

पेडणेकर सर दिवाळीच्या सुमारास आले. मधल्या दांडावरच्या चिंध्या पाहून खूश झाले, खालच्या-वरच्या दांडांचं सगळं आत्याबाईंकडून विचारून घेतलं. आत्याबाईंनी वेलांचं तेवढं सांगितलं. सरांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आमच्या सासूबाईंना झाडाझुडपांच्या अभ्यासाची गोडी होती. बदली होऊन गेले तरी पत्रात त्यांची आठवण काढायचे.

घळीतल्या वेलामुळं धरलेलं बी पुढं डोंगरभर झालं. निम्मे वेल नराचे निघाले. गावात हळूहळू कुणी ते काढेनासं झालं. आत्याबाई बाजारात बसून दुसऱ्या बायकांना दम भरायच्या, “नवरा हाय त्यो. खायला घालत न्हाई म्हनून काय उपटून टाकता?”

बऱ्याच वर्षांनी पुन्हा तसाच पावसाळा गेला. श्रावण कोरडा. डोंगर उघडा, करवंदीची पानंसुद्धा वळलेली. एकही वेल वर आला नव्हता. आत्याबाई तोवर थकल्या होत्या, डोळ्यांनी अंधूक दिसायचं. दिवसभर ओसरीवर बाजेवर असायच्या. मालक रानात होते. मी धुणं वाळत घालत होते.

झाडपाल्याचा व्यापारी दारात आला. नवा होता, जुन्याचा पुतण्या. खांद्यावर रिकामं पोतं.

“आज्जे, वांझ हाय का? लई मागनी हाय आवंदा.”

आत्याबाईंनी मान वर केली. “काय हाय का?”

“वांझ. वांझ. तुमच्याकडं असायची म्हनं.”

“कोन म्हनलं?”

“समदे म्हनत्यात. चुलता सांगायचा, सोजरबाईच्या घरी हमखास.”

आत्याबाईंनी चाचपून काठी घेतली आणि बाजेवर उठून बसल्या. मी दोरीवर टाकलेलं लुगडं हातात धरून थांबले.

“चुलत्याला म्हनावं, आमच्यात वांझ कुनी न्हाई,” त्या म्हणाल्या. “कवाच न्हवती. द्वारके, त्याला पानी दे आन् वाटंला लाव.”